बाथरूमचं लीकेज, 'तोडफोड न करता' सर्व्हिस आणि नंतरचा प्लंबर : पूर्ण अनुभव, खर्चासकट

दोन सर्व्हिसचा रिव्ह्यू एकत्रच लिहितेय, कारण दोन्ही एकाच बाथरूमवर झाल्यात आणि पहिलीचं काय चुकलं ते दुसरीवाल्याने दाखवल्यावरच कळलं. पहिली म्हणजे ॲपवरून बुक केलेली वॉटरप्रूफिंग कंपनी, 'टाइल्स न फोडता लीकेज बंद' वाली. नाव लिहीत नाहीये कारण अशाच पद्धतीने काम करणारे बरेच आहेत आणि माझी तक्रार त्या पद्धतीबद्दल आहे. दुसरा आमच्या कोथरूडमधलाच एक प्लंबर, त्याचं ना ऑफिस ना बोर्ड, एक स्कूटर आणि हत्यारांची पिशवी एवढंच.

आमची बिल्डिंग १९९४ ची, तीन मजली, लिफ्ट नाही. आम्ही दुसऱ्या मजल्यावर. आषाढात खालच्या काकूंचा फोन आला की बाथरूमच्या छताला थेंब धरतोय. आधी सगळ्यांनाच वाटलं पावसाचं पाणी असेल, सेक्रेटरी म्हणाले पावसाळा संपू दे मग बघू. पण पाऊस आठवडाभर उघडला तरी थेंब चालूच, म्हणजे पाणी आमचंच. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते, सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे पावसाच्या पाण्याची किंवा बाहेरच्या कॉमन पाइपची गळती सोसायटी आपल्या खर्चाने करते, पण फ्लॅटच्या आतल्या संडास-बाथरूम-सिंकची गळती ज्याची त्यानेच करायची. त्यामुळे त्यात वाद घालण्यासारखं काही नव्हतंच, खर्च आमचा.

काकूंनी खाली बादली लावली, बादलीत थेंबाचा आवाज होतो म्हणून आत जुना टॉवेल टाकला. रोज रात्री एकदा ओतायच्या. एकदाही चढ्या आवाजात बोलल्या नाहीत. पण बाथरूमच्या भिंतीच्या पलीकडे त्यांचं देवघर आहे, तिथे खालून लोणा लागायला लागला, रंगाचे पोपडे सुटून निरांजनाच्या ताटात पडायला लागले तेव्हा म्हणाल्या, "अगं, तू मुद्दाम करतेस का, पण देवघराला ओल आली आणि माझा जीव खालीवर व्हायला लागला बघ." त्या दिवशी रात्री मी झोपले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ॲपवरून बुकिंग केलं.

इन्स्पेक्शनला ४९९ रुपये, काम दिलं तर बिलातून वजा. माणूस वेळेवर आला, युनिफॉर्म, बुटांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या, वागणं चांगलं, त्याबद्दल काही म्हणणं नाही. त्याच्याकडे ओलावा मोजायचं मशीन होतं, ते टाइल्सच्या सांध्यांवर लावून आकडे दाखवले, लाल दिवा लागला की म्हणायचा बघा मॅडम इथून पाणी आत जातंय. खाली काकूंकडे जाऊन छताला पण लावलं, तिथेही लाल. एकूण वीस मिनिटं. निदान काय तर टाइल्सच्या सांध्यांमधलं व्हाइट सिमेंट गेलंय, सगळे सांधे कापून त्यात इपॉक्सी भरायचं, १६,८०० रुपये जीएसटीसकट, एक वर्षाची वॉरंटी, एका दिवसात काम. गणपती दहा दिवसांवर आलेले, घरात तोडफोड नको होती, लगेच हो म्हणलं.

काम खरंच एका दिवसात झालं. छोट्या ग्राइंडरने जुने सांधे कापले (दोन टाइल्सचे टवके उडाले, ते इपॉक्सीनेच भरून दिले), मग दोन डब्यातलं रेझिन आणि हार्डनर कालवून सांध्यात दाबून भरलं. इपॉक्सी ही वस्तू चांगलीच आहे, हे मला नीट सांगायचंय. व्हाइट सिमेंट पाणी पितं, काळं पडतं, झडतं. इपॉक्सी पाणी पीत नाही, साबण-ॲसिडला दाद देत नाही, आज इतक्या महिन्यांनी पण आमचे सांधे जसेच्या तसे आहेत. फक्त ते कालवल्यावर भराभर भरून लगेच पुसून घ्यावं लागतं नाहीतर टाइलवर धुरकट थर बसतो आणि मग निघता निघत नाही, आमच्या दाराजवळच्या चार टाइल्सवर तो बसलाय.

त्यांनी सांगितलं २४ तास पाणी टाकू नका. आम्ही भीतीने चार दिवस ते बाथरूम बंदच ठेवलं, सगळे बेडरूमच्या बाथरूममध्ये अंघोळ करत होतो. चौथ्या दिवशी काकूंचा फोन, थेंब बंद! इतका आनंद झाला की मी ॲपवर पाच स्टार देऊन टाकले. ते स्टार नंतर बदलले, पण हे लिहितेय कारण असेच पाच स्टार बघून मी पण बुकिंग केलं होतं. कामानंतर चौथ्या-पाचव्या दिवशी दिलेल्या स्टारला लीकेजच्या बाबतीत काहीच किंमत नाही, का ते पुढे सांगते.

गौरी जेवणाच्या दिवशी घरात बारा माणसं, बाहेरचं बाथरूम सकाळपासून सतत चालू. संध्याकाळी हळदीकुंकवाला काकू वर आल्या, ओटी घेतली, पेढा घेतला, आणि निघताना हळूच मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "आज सणाचं सांगणार नव्हते, पण बादली परत लावलीये."

कंपनीला फोन केला. चार दिवसांनी तोच माणूस आला, परत मशीन लावलं, म्हणाला आम्ही भरलेले सगळे सांधे ओके आहेत, लीकेज आता प्लंबिंगचं असणार, ते वॉरंटीत येत नाही. वॉरंटी कार्ड काढून बघितलं तर बारीक अक्षरात खरंच तसं लिहिलेलं, वॉरंटी फक्त भरलेल्या सांध्यांची, खालचं लीकेज थांबण्याची नाही. बुकिंगच्या पानावर मोठ्या अक्षरात 'लीकेज सोल्यूशन'. मला याचाच जास्त राग आला. लीकेज थांबवतो म्हणून पैसे घेता तर वॉरंटी लीकेजची पाहिजे ना. हेड ऑफिसला तीन मेल केले, प्रत्येक वेळी तेच उत्तर नव्या नावाने.

मग आमच्या गल्लीतल्या हार्डवेअरवाल्यांना विचारलं की बाबा तुमच्याकडून माल नेणाऱ्यांत शोधून काढून काम करणारा कोण आहे, त्यांनी या प्लंबरचं नाव दिलं. दोन दिवस फोन उचलला नाही त्याने, तिसऱ्या दिवशी न सांगता सकाळी आठला दारात. ही त्याची खोड आहे, पुढे कामातही झाली, येतो म्हणाला त्या दिवशी येईलच असं नाही, त्याचे मार्क मी कापणार आहे.

आल्यावर आमच्या बाथरूममध्ये गेलाच नाही आधी. सरळ काकूंकडे गेला, स्टूल मागून घेतलं आणि बॅटरी लावून छताखाली नुसता बसून राहिला. मी मशीनचं सांगितलं तर म्हणाला, "ताई, वल सगळीकडंच दाखवणार ते. पाणी कुठनं सुटलंय ते मशीनला कुठं कळतंय?" मग काकूंना विचारायला लागला, थेंब रात्री पण पडतो का, पहाटे पडतो का, वरच्यांच्या अंघोळी झाल्यावर किती वेळाने वाढतो. काकूंना सगळं तोंडपाठ, रात्री कमी होतो, सकाळी नऊनंतर वाढतो. तेव्हा म्हणाला म्हणजे नळाची लाइन नाही, ती फुटली असती तर चोवीस तास सारखाच पडला असता, हे वापरलेलं पाणी आहे, एकतर फरशीतून नाहीतर नहाणीच्या ट्रॅपमधून, म्हणजे पाणी जायच्या जाळीखालच्या भांड्यातून.

हे दोन्ही वेगळं कसं काढायचं तर त्याची पद्धत मला फार आवडली म्हणून सविस्तर लिहिते. तीन दिवस बाथरूम बंद. मग नहाणीच्या जाळीत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला कापडाचा बोळा घट्ट ठोकला, दाराला उंबरा होताच, आणि दोन इंच पाणी साठवलं. त्या पाण्यात घरातली कपड्याची नीळ ओतली, दोन झाकणं. भिंतीच्या टाइलवर पाण्याच्या रेघेशी पेन्सिलने खूण केली. चोवीस तास तसंच ठेवलं. दुसऱ्या दिवशी पाणी खुणेपासून जेमतेम हललेलं आणि खाली काकूंच्या छताला एक थेंब नाही. म्हणजे फरशी आणि सांधे ठणठणीत. मग त्याने बोळा काढला, सगळं निळं पाणी गडगड करत गेलं, आणि आम्ही सगळे खाली, मी, काकू, काका, माझा मुलगा, एका स्टुलाभोवती उभे, वर बघत. पस्तीस मिनिटांनी छताच्या जुन्या डागाच्या कडेला एक थेंब जमला, फुगला, आणि बॅटरीच्या उजेडात स्वच्छ निळा दिसला. काका मोठ्याने म्हणाले, "सापडला!"

नहाणीचा ट्रॅप. सांध्यांचा काही संबंधच नव्हता, १६,८०० रुपये ज्या जागी भरले ती जागा गळतच नव्हती.

मग पहिल्या कामानंतर थेंब बंद कसा झाला होता? तर आमच्या काळातल्या बिल्डिंगमध्ये बाथरूमचा स्लॅब बाकी घरापेक्षा साधारण फूटभर खाली घेतलेला असतो, त्यात विटांचे तुकडे भरतात, ब्रिकबॅट कोबा म्हणतात ते, आणि त्यावर फरशी. ट्रॅप आणि त्याचा पाइप त्या भरावात असतो. ट्रॅप गळला की पाणी आधी त्या विटांमध्ये मुरतं, भराव स्पंजासारखा भरतो, आणि मग स्लॅबला जिथे बारीक वाट मिळेल तिथून खाली. वापर थांबवला की दोनतीन दिवसात थेंब आपोआप आटतो. आम्ही चार दिवस बाथरूम बंद ठेवलं म्हणून थेंब थांबला, काहीही न करता नुसतं कुलूप लावलं असतं तरी थांबला असता. आणि वापर सुरू झाला की भराव परत भरेपर्यंत काही दिवस जातात, तोवर रिव्ह्यू देऊन झालेला असतो. म्हणून म्हणते, लीकेजच्या कामाचा रिव्ह्यू किमान महिनाभर रोज वापरल्यानंतरच द्या, आणि वाचताना पण तारीख बघा.

त्याने दोन पर्याय दिले. पूर्ण बाथरूम उखडून नवीन वॉटरप्रूफिंग, त्याला साठ-सत्तर हजार, आणि तो म्हणाला आज त्याची गरज नाही कारण फरशी टेस्टला पास झालीये. दुसरा, फक्त नहाणीभोवती दोन बाय दोन फूट फोडून ट्रॅप बदलायचा. मोठं काम समोर असताना छोटं काम सांगणारा माणूस मला बऱ्याच दिवसांनी भेटला.

तोवर पितृपक्ष लागला. मी जरा थबकले पण सासूबाई म्हणाल्या, "दुरुस्तीला कसला आलाय पितृपक्ष, खाली देवघर भिजतंय." आणि त्याचा फायदाच झाला, त्या पंधरवड्यात लोक नवीन कामं काढत नाहीत म्हणून चांगला गवंडी लगेच मोकळा मिळाला.

सहा टाइल्स फोडल्या. खालचा भराव काळपट ओला, वास येत होता. ट्रॅप बीडाचा, तीस वर्षांचा, वरून दिसायला ठीक, पण हात घालून त्याने पापुद्रे काढले तर तळाला करंगळी जाईल एवढं भोक आणि पाइपच्या सांध्याला चीर. ट्रॅपमध्ये वास अडवायला थोडं पाणी कायम उभं असतं, तेच रोज तिथून झिरपत होतं.

आणि मग त्याच संध्याकाळी गडबड झाली. सव्वासात वाजले असतील, तो छन्नीने कडेचा सिमेंट काढत होता, हादऱ्याने आमच्याच बाथरूममधल्या खालच्या नळाची जुनी जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाची) निप्पल, म्हणजे पाइपचा छोटा जोडतुकडा, भिंतीतच तुटली आणि पाण्याचा फवारा थेट समोरच्या भिंतीवर. बाथरूमच्या बाहेरचा कॉक फिरवला तर तो नुसताच गोल फिरतोय, आत काही नाही. मी आणि मुलगा गच्चीवर पळालो. टाकीखाली अकरा व्हॉल्व्ह, सगळे गंजलेले, एकावरही नाव नाही. बॅटरीच्या उजेडात एकेक बंद करत गेलो, खालून प्लंबर ओरडतोय चालूच आहे, चालूच आहे, शेजारच्या विंगमधून कुणीतरी ओरडतंय आमचं पाणी का गेलं, सातवा व्हॉल्व्ह आमचा निघाला. पाच-सात मिनिटांत हॉलपर्यंत पाणी आलं होतं, सासूबाईंनी चादरी टाकून बेडरूमच्या दाराशी अडवलं. त्यानंतरच्या रविवारी मुलाने ऑइल पेंट घेऊन अकराही व्हॉल्व्हवर फ्लॅट नंबर टाकले. तुमच्या बिल्डिंगमध्ये नसतील टाकलेले तर हे वाचून झाल्यावर आजच टाका, पन्नास रुपयाच्या रंगाचं काम आहे.

प्लंबर त्या वेळी पळाला नाही, हे महत्त्वाचं. दुकान बंद व्हायच्या आत जाऊन अर्धा इंची निप्पल, टेफ्लॉन टेप आणि बाहेरचा नवीन कॉक घेऊन आला आणि रात्री साडेदहाला पाणी चालू करून गेला. त्याची वेगळी मजुरी घेतली नाही, म्हणाला माझ्या हातनं तुटली. तुटलेला तुकडा मला हातात दिला. अर्धा इंची पाइप, पण आत गंज साठून साठून जेमतेम पेन्सिल जाईल एवढी वाट उरलेली. आमच्या शॉवरला प्रेशर नाही म्हणून दोन वर्षांपूर्वी आम्ही नवीन शॉवर घेतला होता, प्रेशर कुठे जात होतं ते तेव्हा कळलं.

पुढचे दिवस शांत गेले. नवीन पीव्हीसी ट्रॅप, सांधे पाइप चिकटवायच्या सोल्यूशनने, मग गवंड्याने ओला भराव काढून कोरडा भरला, वर वॉटरप्रूफिंगचं लिक्विड घातलेला सिमेंटचा थर, आणि त्यावर ब्रशने कोटिंगचे दोन हात, एक उभा एक आडवा, पहिला वाळल्यावर दुसरा. जुन्या आणि नव्या फरशीच्या कडेला कोटिंग आत नेऊन चढवलं, तो म्हणाला जोड इथेच उघडतो नंतर. मग परत बोळा मारून अठ्ठेचाळीस तास पाणी उभं केलं, या वेळी नीळ न घालता कारण काकूंच्या छतावर आधीच एक निळा ठिपका झाला होता. खाली कोरडं. मग टाइल. जुनी आठ बाय आठची टाइल कुठेही मिळाली नाही, भवानी पेठेत दोन दुकानं फिरले, शेवटी करड्या रंगाची अँटिस्किड घेतली, वेगळी दिसते पण सासूबाईंचा पाय घसरत नाही म्हणून मला ती जुन्यापेक्षा आवडते. शेवटी गवंड्याने लांबच्या कोपऱ्यातून एक तांब्या पाणी सोडून ढाळ दाखवला, पाणी कुठेही न थांबता नहाणीकडे गेलं.

खर्च सांगते. ट्रॅप, पाइप, निप्पल, कॉक धरून १,१४०. वॉटरप्रूफिंगचं सामान आणि सिमेंट २,३००. टाइल ९००. प्लंबर आणि गवंडी मिळून चार दिवसांची मजुरी ७,५००. राडारोडा सहा पोती, तो घंटागाडीत घेत नाहीत, टेम्पोवाल्याला ६०० देऊन उचलायला लावला. एकूण १२,४४०. बिल म्हणजे वहीचं फाडलेलं पान, वॉरंटी तोंडी, "गळलं तर फोन करा ताई". फोन तो पहिल्या रिंगला उचलत नाही हे आधी लिहिलंच आहे, पण दिवाळीत स्वतःहून येऊन खाली काकूंकडे जाऊन छत बघून गेला, त्याचे पैसे नाही घेतले.

कंपनीला मी पाचपैकी दोन देते, इपॉक्सीचं काम सफाईचं आहे आणि माणसं सभ्य आहेत, पण निदान न करता काम विकतात. तुमचे सांधे खरंच झडलेले असतील आणि नीळ टाकून पाणी उभं केल्यावर खाली निळं उतरत असेल तर जरूर बोलवा. त्याआधी नको. आणि सही करायच्या आधी एवढंच विचारा, की खालचा थेंब परत आला तर पैसे परत का, ते लिहून देणार का. प्लंबरला पाचपैकी साडेचार, अर्धा वेळेचा.

काकूंच्या देवघराची भिंत लगेच रंगवायची नाही असं त्यानेच सांगितलं होतं, ओल आत असताना रंग मारला तर क्षार परत बाहेर येतात. तीन महिने तशीच ठेवली, पोपडे खरवडून, रोज थोडा वेळ पंखा लावून. संक्रांतीच्या आधी पुट्टी आणि रंग झाला, खर्च आम्ही दिला, काकू नको म्हणत होत्या. छतावरचा निळा ठिपका मात्र रंगाऱ्याला त्यांनी झाकू दिलेला नाही, येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवतात. आता एप्रिलमध्ये मुलाची परीक्षा संपली की बेडरूमच्या बाथरूमची सगळी जीआय लाइन काढून सीपीव्हीसी, म्हणजे प्लॅस्टिकची लाइन टाकायची आहे, त्यालाच सांगितलंय, तारीख त्याने दिलीये, येतो कधी बघू.